दार उघडं, पण गिऱ्हाईक?

"अगं, रविवारी दुपारी आपण दोघींनी घराबाहेर राहायचं हं. घरमालकीण समोर असली की लोक मोकळेपणानं बघत नाहीत, असं एजंटबाई म्हणाल्या," ताईनं सांगितलं आणि मला हसूच आलं. घर आपलं, विकायचं आपण, आणि बाहेर बसायचंही आपणच!

ही २०२४ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. माझी ताई अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायची. दाजी जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलं दूरच्या राज्यांत. त्या राज्यातली घरपट्टी सगळ्या अमेरिकेत जड. शिवाय थंडीत दारातलं बर्फ काढायचं, जिने चढायचे. शेवटी तिनं घर विकायचं ठरवलं आणि मदतीला मला बोलावून घेतलं.

तिकडे 'ओपन हाउस'ची पद्धत आहे. ठरलेल्या दिवशी दोन-तीन तास दार सताड उघडं, रस्त्यावर पाटी. कुणीही यावं, घरभर हिंडावं, पटलं तर पुढं बोलावं. मालकाचा एजंट तेवढा हजर असतो.

त्या दोन तासांसाठी आम्ही आठवडाभर राबलो. भिंतींवरचे घरच्यांचे फोटो उतरवले. का, तर बघणाऱ्याला तिथं स्वतःचा संसार दिसला पाहिजे! देव मैत्रिणीकडे मुक्कामाला गेले. तीन दिवस फोडणी बंद, दहीभातावर भागवलं. दागिने आणि औषधं कुलपात. औषधंसुद्धा चोरीला जातात, हे मला तिथंच कळलं. दाजींची आरामखुर्ची गॅरेजमध्ये नेताना मात्र ताई थबकली. मी काही बोलले नाही.

रविवारी आम्ही बागेत बाकावर थर्मास घेऊन बसलो. ताई सारखी घड्याळ बघत होती. "आत्ता कुणीतरी माझं कपाट उघडत असेल गं," म्हणाली.

परतलो तर वहीत एकतीस नावं! आम्ही हरखलो. पण आठवडा गेला तरी फोन एकही नाही. शेवटी मी एजंटबाईंना सरळच विचारलं. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "निम्मे शेजारपाजारचे, उत्सुकतेनं आलेले. काही जणांना स्वतःचं घर विकायचंय, भाव काढायला आले. आणि खरं सांगू? मला दोन नवी गिऱ्हाइकं मिळाली."

म्हणजे फायदा झाला, पण एजंटबाईंचा! तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहण्याही हेच सांगतात. घर घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ते इंटरनेटवर सापडतं, बऱ्याच जणांना एजंटकडून. दारातली पाटी किंवा ओपन हाउसची पाटी बघून घर सापडलेले शंभरात जेमतेम पाचेक. त्यात ऑगस्ट २०२४ पासून तिथं नवा नियम आला. घेणाऱ्याला घर दाखवण्याआधी त्याच्या एजंटनं लेखी करार करायचा. ओपन हाउसला नुसतं डोकावायला मात्र असा करार लागत नाही. मग हौशे-नवशे येणारच.

मग सगळं फुकट गेलं का? नाही. बाईंनी आलेल्यांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या. त्यांत नऊ जणांनी एकच लिहिलं होतं, 'स्वयंपाकघर जुनं, त्या मानानं किंमत जास्त.' ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "याच ओट्यावर मी दोन पोरं वाढवली," म्हणाली. रात्रभर तळमळली आणि सकाळी किंमत उतरवायला तयार झाली.

त्यानंतर बारा दिवसांनी घर विकलं गेलं. घेणारं जोडपं ओपन हाउसला आलंच नव्हतं. फोटो इंटरनेटवर बघून, वेळ ठरवून, आपल्या एजंटबरोबर ते गुरुवारी संध्याकाळी आले. नळ सोडून पाहिले, तळघरात ओल आहे का ते पाहिलं, छप्पर किती वर्षांचं ते विचारलं. खरं गिऱ्हाईक असं असतं! ते भिंतीचा रंग नाही, नळाची धार बघतं.

परत कराडला आले, तर आमच्या गल्लीतल्या काकूंचं वेगळंच ओपन हाउस चालू! काका गेल्यावर घर विकायला काढलेलं. एजंट केव्हाही, कुणालाही घेऊन येणार. काकू एकट्या, जेवत असल्या तरी उठायचं, चहा टाकायचा. आठ महिन्यांत शेकडो माणसं घर बघून गेली, पण बयाणा कुणी दिला नव्हता.

आम्ही मंडळातल्या दोघी-तिघी बसलो. शनिवार, चार ते सहा, एवढाच वेळ ठरवला. त्या वेळी आमच्यातली एकजण काकूंच्या सोबतीला. कपाटं कुलूपबंद. प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीच्या पावत्या यांच्या झेरॉक्स तयार, मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. घर काकांच्या नावावर, मग वारस नोंद आधी हवी. लग्न होऊन गेलेल्या लेकीही वारस असतात, त्यांच्याही सह्या लागतात, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं! खरं घोडं तिथंच अडलं होतं. चौकशी करणारा कागद बघायचा आणि गप्प निघून जायचा.

मैत्रिणींनो, घर दाखवल्यानं घर विकलं जातंच असं नाही. ते विकलं जातं रास्त किमतीवर आणि चोख कागदांवर. दाखवण्याचा उपयोग एवढाच की आपल्या घराबद्दल परके काय म्हणतात ते कळतं. ते ऐकायला जड जातं, पण ऐकावं.

काकूंचं घर अजून विकायचंय. वारस नोंदीचा अर्ज मात्र गेलाय, आणि काकू दुपारी निवांत पडतात. परवा एजंटनं भलत्याच वेळी बेल वाजवली, तर खिडकीतूनच म्हणाल्या, "शनिवारी या हो, चारला!"