केबल तोडली, पैसे वाचले का?



गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. ओसरीवर चहा घेत बसलो असताना आमचे थोरले बंधू मोठ्या समाधानाने म्हणाले, "केबल बंद करून टाकली बरं का! महिन्याचे तीनशे रुपये वाचले. आता सगळं मोबाईलवर दिसतं." तोच आतून वहिनींचा आवाज आला, "दिसतं, पण कुणाला? ते विचारा की भावजी!" वहिनींची संध्याकाळची मालिका बंद पडली होती. ज्याच्या मोबाईलवर ती दिसायची तो पुतण्या रात्री नऊशिवाय घरी येत नसे.

मी पडलो अर्थशास्त्र शिकवणारा. कागद-पेन्सिल घेतली आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो. तोच हिशेब आज आपणापुढे मांडणार आहे. कारण हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे.

आधी केबलचे पाहू. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा छपरावर एरिअल उभारला की चित्र येई. १९९०च्या दशकात केबल आली आणि चित्रासाठी दरमहा केबलवाल्याला पैसे मोजायची सवय आपल्याला लागली. पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून 'ट्राय' या नियामक संस्थेचे नवे नियम लागू झाले. त्यांनी बिलाचे दोन भाग केले. पहिला भाग नुसत्या जोडणीचा: शंभर वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. ही झाली मंडईच्या दारातली पावती. आतली भाजी वेगळी! ज्या वाहिन्यांना किंमत आहे त्यांचे पैसे निराळे.

नियमाचा हेतू चांगला होता. हवी तीच वाहिनी घ्या, नको ती सोडा. पण वाहिन्यांच्या जुड्या बांधून विकण्याची मुभा राहिली. एकटी मेथी दहा रुपयांना आणि मेथी, शेपू, चुका मिळून बारा रुपयांना, असे कुणी म्हटले तर आपण तिन्ही घेतो आणि शेपू गाईला घालतो. तसेच इथे झाले. जुलै २०२४ मध्ये जोडणीच्या आकारावरची १३० रुपयांची मर्यादाही काढून टाकण्यात आली. तेव्हा केबलला कंटाळून लोक दुसरी वाट शोधू लागले, यात त्यांचा दोष नाही.

ही दुसरी वाट म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट, मालिका आणि सामने दाखवणाऱ्या सेवा, ज्यांना आपण ओटीटी म्हणतो. त्या आल्या तेव्हा स्वस्त वाटल्या, आणि होत्याही. उदाहरण घ्या. ॲमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी २०१६ साली प्रारंभीची सवलत म्हणून ४९९ रुपये होती. पुढे ती ९९९ झाली. डिसेंबर २०२१ मध्ये १४९९ झाली. जून २०२५ पासून तिथल्या चित्रपटांत जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये, असे ठरले. म्हणजे जाहिरातीविना पाहायचे तर एकूण २१९८. या वर्गणीत माल घरपोच पाठवण्याची सोयही येते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आणि सगळ्यांनीच दर वाढवले असेही नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले होते. त्यांची सर्वांत स्वस्त, केवळ मोबाईलपुरती वर्गणी महिन्याला १९९ वरून १४९ वर आली.

परंतु एकंदर ओघ कुठे जातो हे पाहायचे तर अमेरिकेकडे बघावे. केबल तोडण्याची लाट आधी तिथे आली. तिथे नेटफ्लिक्सची नेहमीची वर्गणी २०११ साली महिन्याला ७ डॉलर ९९ सेंट होती. जानेवारी २०२५ मध्ये ती १७ डॉलर ९९ सेंट झाली. केबलच्याच वाहिन्या इंटरनेटवरून दाखवणारी 'यूट्यूब टीव्ही' नावाची सेवा २०१७ साली ३५ डॉलरला सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिचा दर ८२ डॉलर ९९ सेंटवर गेला. केबलचे बिल टाळायला निघालेली मंडळी फिरून केबलच्याच दारात आली.

असे का व्हावे? इथे अर्थशास्त्राची एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नवा दुकानदार पहिले काही महिने तोटा सोसून विकतो. गिऱ्हाईक जोडणे हे त्याचे भांडवल असते. एकदा पाय दुकानाकडे वळू लागले, की तो तोटा वसूल करतो. क्रिकेटचेच पाहा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएल दाखवण्याचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. २०२३ साली मोबाईलवर ते सामने जिओसिनेमाने फुकट दाखवले. आपण खूष झालो! पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, आणि त्या हंगामात सामने पूर्ण पाहायला वर्गणी किंवा ती जोडलेले रिचार्ज घ्यावे लागले.

कुणी म्हणेल, सेवा तर पुष्कळ आहेत. स्पर्धेने भाव उतरायला हवेत. स्पर्धेने भाव उतरतो तो एकाच मालाचा. दोन दुकानांत तीच ज्वारी असेल तर घासाघीस होते. पण एकाकडे फक्त मीठ आणि दुसऱ्याकडे फक्त तिखट असेल, तर आपल्याला दोन्ही दुकाने चढावी लागतात. इथे सामने एकाकडे, चित्रपट दुसऱ्याकडे, मालिका तिसऱ्याकडे. दुकाने वाढली तसा खर्चही वाढला.

आता दादांच्या हिशेबाकडे येऊ. केबलचे तीनशे रुपये, म्हणजे वर्षाचे ३६००. तिच्या जागी त्यांनी दोन सेवांची वर्षाची वर्गणी भरली, प्रत्येकी १४९९, मिळून २९९८. कागदावर ६०२ रुपये वाचले. "बघ!" दादा म्हणाले. मी विचारले, "आणि रिचार्ज?" चित्र पाहायला डेटा पुरेना म्हणून दोन फोनांना त्यांनी पन्नास-पन्नास रुपये जास्तीचे पॅक घेतले होते. फोन बोलण्यासाठी लागतोच, म्हणून सगळे रिचार्ज मी धरले नाही. हा वाढीव खर्च तेवढा धरला. पण तो बारा महिन्यांचा धरून चालत नाही. रिचार्जचा महिना बहुधा २८ दिवसांचा असतो. ३६५ला २८ने भागा; तेरा येतात. पन्नास गुणिले तेरा गुणिले दोन, म्हणजे १३००. एकूण झाले ४२९८. केबलपेक्षा ६९८ रुपये जास्त! दादा काही वेळ कागदाकडे बघतच राहिले.

माझ्या शिक्षक मित्रांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. जुलै २०२४ मध्ये जिओचे २३९ रुपयांचे रिचार्ज २९९ झाले. वाढ दिसायला साठच रुपयांची. वर्षाला ती ७८० होते. मुलांना घरचे आकडे आणायला सांगा. गुणाकारही पक्का होईल आणि घरचे डोळेही उघडतील.

पैशाखेरीज आणखी एक फरक आहे, आणि वहिनींनी तो आधीच ओळखला होता. केबलचा पैसा घरासाठी भरला जातो; मोबाईलचा पैसा माणसासाठी. घरातला टीव्ही आजीचाही असतो आणि नातवाचाही. मोबाईल ज्याच्या खिशात त्याचा. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्या वाट्याचे चित्र गेले. घरोघरी असा वाटा जाणारी व्यक्ती बहुधा बाई किंवा म्हातारे माणूस असते. ही गोष्ट कुठल्या बिलात दिसत नाही.

मग करावे काय? सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. ज्या घरात चांगले ब्रॉडबँड आधीच आहे, तिथे ओटीटी परवडेलही. तीन गोष्टी मात्र प्रत्येकाने कराव्यात. पहिली, घरात कोण काय पाहतो हे विचारून लिहून काढावे. दुसरी, जिथे महिन्याची वर्गणी मिळते तिथे हंगामापुरतीच घ्यावी. तिसरी, ऑटोपे तपासावे. एकदा परवानगी दिली की मुदत संपताच पैसे आपोआप कापले जातात. ज्या यूपीआय ॲपवरून परवानगी दिली, तिथेच ती रद्दही करता येते.

आणि एक जुनी सोय विसरू नये. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झालेली सेवा आज 'डीडी फ्री डिश' म्हणून चालू आहे. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा. महिन्याची वर्गणी नाही. सह्याद्री वाहिनी तिथे दिसते. राष्ट्रीय महत्त्वाचे ठरलेले सामने २००७च्या कायद्यामुळे प्रसार भारतीला द्यावे लागतात, म्हणून तेही दिसतात. सगळ्या खाजगी मालिका मात्र तिथे मिळणार नाहीत, हे जाणून घ्यावे.

दादांनी काय केले? एक वर्गणी ठेवली, दुसरीचे ऑटोपे बंद केले आणि छपरावर छत्री बसवली. वहिनींची ती मालिका काही छत्रीवर येत नाही. पण संध्याकाळी टीव्ही लागतो, आणि तो लावायला कुणाची वाट पाहावी लागत नाही, असे त्यांनी परवा फोनवर सांगितले. घरचा हिशेब करताना त्यांचे हे वाक्य जमेच्या बाजूला लिहावे, एवढीच माझी विनंती.