सीताफळाचे बी जागेवर, कलमही जागेवर

जालना जिल्ह्याने फळबाग शिकली ती मोसंबीवर. रंगपूर किंवा जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरायचा, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. या सवयीमुळे फळझाड म्हणजे रोपवाटिकेतून आणलेले तयार कलम, अशी समजूत पक्की झाली. भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळच्या गावात परसात सीताफळ लावायचे म्हटले, तरी आधी चौकशी होते ती कलम कुठे मिळेल याचीच. बाजारासाठी एकरभर बाग लावणाऱ्याने ती जरूर करावी. घरामागे एक-दोन झाडे हवी असणाऱ्याने मात्र बी कायमच्या जागी टोचावे आणि कलम करायचे ते त्याच उभ्या झाडावर करावे, असे माझे मत आहे.

कारण मुळाशी आहे. सीताफळ हे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेले मोठे झुडूप. पण मराठवाड्याच्या मुरमाड टेकड्यांवर ते कोणी न लावता वाढते. शेळ्या त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, उन्हाळ्यात ते पाने झाडून पाण्याचा खर्च थांबवते आणि त्याचे मूळ मुरमाच्या भेगांतून खाली उतरते. ज्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची ओळखही बालाघाटच्या अशाच डोंगरांशी जोडलेली आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढवलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी पोचले की वळते, गुंडाळते, पुढे लागवडीच्या वेळी तुटते. ठिबक असेल तर हा तोटा भरून निघतो. हंडाभर सांडपाण्यावर झाड जगवायचे असेल, तर भरून निघणे कठीण. २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. कोरडवाहू बोरासाठी आधी जागेवर खुंट वाढवून मग त्यावर डोळा भरण्याची शिफारस फार पूर्वीपासून आहे. सीताफळाला तोच न्याय लावायला हरकत नसावी.

बियांच्या झाडाची फळे कशी निघतील याचा भरवसा काय, हा आक्षेप खरा आहे. सीताफळाची रोपे पुष्कळदा आईसारखीच निघतात; पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. गराचे प्रमाण, बियांची संख्या, डोळ्यांचा आकार यांत फरक पडतो. म्हणून तर कलम करायचेच आहे, फक्त नंतर. फांदी कापून मातीत खोचण्याचा सोपा मार्ग इथे उपयोगी नाही. डाळिंबाची काडी सहज मुळे धरते, सीताफळाची फार क्वचित. आणि फळे कमी किंवा वाकडी आली की दोष बियाण्यावर ढकलला जातो, तोही दर वेळी बरोबर नसतो. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो, पराग नंतर सुटतो. परागीभवन बारीक भुंगेऱ्यांवर अवलंबून असते. ते नीट झाले नाही, तर महागड्या कलमाचे फळही एका बाजूने खुरटते.

कृती अवघड नाही, तिला वेळ मात्र लागतो. दिवाळीच्या सुमारास खाल्लेल्या उत्तम फळाच्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. ताजे बी काही काळ सुप्त असते, त्यामुळे जूनपर्यंत थांबणे त्याच्या पथ्यावरच पडते. (बिया कुटू नयेत, ती पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते.) पेरण्याआधी दिवसभर भिजवून, पाणी न साचणाऱ्या जागी एका खड्ड्यात तीन-चार बिया टोचाव्यात. उगवायला महिना किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणून पंधरा दिवसांत खड्डा उकरून पाहू नये. पुढे जोमदार एकच रोप ठेवावे. खोड पेन्सिलीएवढे झाले की हिवाळा सरताना, झाड पानांशिवाय उभे असते तेव्हा, पाचर कलम करावे. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. निवडलेल्या काडीवर पाने उरली असतील तर आठ-दहा दिवस आधी ती देठ ठेवून कापावीत. देठ गळतो, डोळा उघडा पडतो, मग काडी घ्यावी. काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून खुंटाच्या चिरेत बसवावे, किमान एका बाजूची साल सालीला भिडवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे.

यात तयार कलमापेक्षा फळ वर्ष-दोन वर्षे उशिरा मिळते, हे मान्य करायलाच हवे. कलम फसण्याची भीतीही खोटी नाही, नवख्याच्या हातून ते फसतेच. पण विकत आणलेले कलम मेले की खड्डा रिकामा होतो. इथे जोड वाळला तरी खुंट खालून फुटतो आणि पुढच्या वर्षी त्याच मुळावर पुन्हा काडी बसवता येते. मात्र जोड जगल्यावर तोच खुंट अडचण करतो. जोडाखालची फूट पावसाळ्यात जोराने वाढून वरच्या काडीला उपाशी ठेवते, म्हणून ती कोवळी असतानाच, चाकू न लावता, बोटाने खुडून टाकावी.