खजूर, मीठ आणि म्हैसमाळची वाट

परवा शहागंजच्या घड्याळाजवळ खजूर घेत होतो. माझे धुळीने माखलेले बूट बघून दुकानदार चाचांनी विचारलं, "एवढं पाणी पिऊनही डोंगरात पळणाऱ्या पोरांना चक्कर का येते?"

एक कारण म्हणजे मिठाची कमतरता. घामातून पाण्यासोबत सोडियमही जातं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसलं, तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. आणि सोबतचे त्याला अजून पाणी पाजतात!

खुलताबाद-म्हैसमाळचे डोंगर वाळवंट नाहीत, पण एप्रिलमध्ये रान निष्पर्ण, ओढे कोरडे, काळा दगड तापलेला. सहारातल्या 'मॅरेथॉन दे साब्ल'मध्ये (सुरुवात १९८६) धावपटू सुमारे २५० किलोमीटर जेवण पाठीवर घेऊन पळतात. पाणी मात्र आयोजक देतात. इथे तेही आपणच वाहायचं.

माझ्या सॅकमध्ये ओआरएस असतं, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं. शिवाय बिया काढलेला खजूर, खारे शेंगदाणे. तहान लागेल तसं घोट-घोट प्यायचं. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उजाडताना निघा, दहाच्या आत खाली या. छातीचा पट्टा नसलेली सॅक उतारावर पाठ सोलते.

बुटांबद्दल, वाटांबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा.