आंबोलीला चाललात? धबधब्याच्या पलीकडे जंगल आहे, ते असं बघा

सावंतवाडी : पावसाळ्यातल्या रविवारी आंबोली घाटात गाड्यांची रांग लागते. धबधब्याखाली भिजायचं, गरम भजी आणि मक्याचं कणीस खायचं, मोबाईलवर फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्या जंगलामुळे हा धबधबा आहे, ते जंगल बघायला त्यातले फार थोडे जण थांबतात. रस्त्यापासून पन्नास पावलं आत गेलं की असे जीव दिसतात, जे जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नाहीत. ते बघायचे असतील तर काय करावं, काय टाळावं, याची ही माहिती.

वर्षावन म्हणजे नेमकं काय?

भरपूर पाऊस, उबदार हवा आणि बारमाही हिरवी झाडं असलेल्या जंगलाला वर्षावन म्हणतात. आपल्याकडे त्याला सदाहरित जंगल म्हणायची पद्धत आहे. सागाचं जंगल उन्हाळ्यात बोडकं होतं, तसं हे होत नाही. इथली झाडं सगळी पानं एकदम टाकत नाहीत, जुनी गळतात आणि नवी येत राहतात.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग थेट या घाटाला धडकतात. त्यामुळे इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोप्या भाषेत सांगायचं तर वर्षभराचा पाऊस एका जागी साठवला तर दुमजली घर बुडेल. मात्र हा जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांतच पडतो. केरळातल्या सायलेंट व्हॅलीसारख्या दक्षिणेकडच्या जंगलात पाऊस जास्त महिने असतो, म्हणून तिथली झाडं खूप उंच वाढतात. आंबोलीत माती पातळ, खाली जांभा कातळ आणि वारा जोराचा. त्यामुळे झाडं बुटकी पण दाट. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही इथली नेहमीची झाडं. त्यांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि आमरी म्हणजे ऑर्किड वाढतात.

या झाडांखाली पानांचा जाड थर असतो. तोच या जंगलाचा जीव. तो पाऊस झेलतो, पाणी हळूहळू जमिनीत सोडतो. घाटाखालच्या गावातले व्हाळ पावसाळा संपल्यावरही वाहतात ते याच थरामुळे. पश्चिम घाटातली निवडक ३९ ठिकाणं युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतली. महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्यातलीच. आंबोली त्या यादीत नाही, पण ती याच डोंगररांगेत आहे आणि तिचं महत्त्व काही कमी नाही.

कधी जायचं?

बेडूक आणि सरपटणारे प्राणी बघायचे तर जून ते सप्टेंबर. पहिल्या जोरदार सरी पडल्यानंतरचे दिवस सगळ्यात चांगले. फुलपाखरं बघायची तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पक्षी बघायचे तर हिवाळा. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावं. गर्दी आणि गाण्यांचा आवाज नसला की जंगल स्वतःहून दिसायला लागतं.

आणि एक रात्र तिथे राहावं. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. जंगलाचा अर्धा कारभार रात्री चालतो. संध्याकाळी परत फिरणाऱ्याला तो दिसतच नाही.

काय घालायचं, काय घ्यायचं?

- पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फुल पँट. पँटचं टोक मोज्यात खोचावं. हाफ चड्डी आणि चप्पल घालून आत जाऊ नये.
- पकड असलेले बूट. शेतातले गुडघाभर गमबूट असतील तर उत्तम.
- छत्रीपेक्षा रेनकोट बरा. दोन्ही हात मोकळे राहतात.
- मोबाईलसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठे जातोय आणि कधी परत येणार हे घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवावं.
- पिण्याचं पाणी, कोरडे कपडे, बॅटरी आणि रोजची औषधं.

सोबत वाटाड्या हवाच

गावातला, जंगल ओळखणारा माणूस सोबत असेल तर दोन तासांत जे दिसतं, ते एकट्याने दोन दिवस फिरूनही दिसत नाही. पानाला चिकटलेला बेडूक आपल्या डोळ्यासमोर असतो आणि तरी दिसत नाही. वाटाड्या बोट दाखवतो तेव्हा कळतं. शिवाय धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, वाट चुकायला वेळ लागत नाही. राखीव वनात शिरायचं असेल किंवा रात्री फिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी लागते का, हे वाटाड्याला किंवा वनरक्षकाला आधी विचारावं. पैसे किती हेही सुरुवातीलाच ठरवून घ्यावं, म्हणजे नंतर वाद नको.

आत गेल्यावर काय करायचं?

आधी थांबा. आत शिरल्यावर पाच-दहा मिनिटं एका जागी गप्प उभं राहावं. कान सरावले की एकेक आवाज वेगळा होतो. माणसाने शीळ घालावी तसा आवाज आला तर तो बहुधा शीळकरी कस्तूर, निळसर काळा पक्षी. वर फांद्या जोरात हलल्या तर शेकरू असू शकतं. शेकरू हा आपला राज्यप्राणी.

कातळावर खाली बघून चाला. आंबोलीच्या सड्यावर पावसाळ्यात वितभर डबकी साचतात. त्यात जेमतेम तीन सेंटिमीटरचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक भेक अंडी घालतो. शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याची वेगळी प्रजाती म्हणून नोंद केली. त्याला आंबोली टोड म्हणतात. तो आंबोली आणि आसपासच्या लहानशा पट्ट्यातच सापडतो आणि जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. ज्या सपाट कातळावर आपण गाडी लावतो किंवा ग्रुप फोटोसाठी उभे राहतो, तिथलंच उथळ डबकं हे त्याचं बाळंतघर. एक चाक डबक्यातून गेलं की त्यातली अंडी गेली. म्हणून गाडी रस्त्यालगत ठरलेल्या जागीच लावावी आणि साचलेल्या पाण्यात पाय घालू नये.

पाण्यावरच्या झाडाकडे बघा. डबक्यावर किंवा विहिरीवर ओणवलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला तर तो थुंकी किंवा साबण नव्हे. ते मलबार उडत्या बेडकाचं घरटं आहे. मादी फेस घुसळून त्यात अंडी घालते, पिल्लं तयार झाली की टपाटप खाली पाण्यात पडतात. हा बेडूक हिरवागार असतो. बोटांमधला लालसर पडदा पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो.

रात्री बॅटरी बंद करून बघा. भर पावसाळ्यात कुजलेल्या ओल्या लाकडावर एक प्रकारची बुरशी वाढते आणि ती अंधारात हिरवट उजेड देते. बॅटरी चालू असेल तर ती दिसणारच नाही. वाटाड्याच्या सांगण्यावरून सगळ्यांनी दिवे बंद करून डोळे सरावू द्यावेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला जमिनीवर चांदणं पडल्यासारखं वाटतं.

हिरण्यकेशीला जा, पण पाण्याला जपा. गुहेतून निघणारं पाणी, शेजारी महादेवाचं देऊळ. इथूनच हिरण्यकेशी नदी सुरू होते. ती पुढे आजरा, गडहिंग्लजची शेती भिजवत घटप्रभेला आणि तिथून कृष्णेला मिळते. इथल्याच पाण्यात माशाची एक नवी प्रजाती सापडली. २०२० मध्ये तिला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं. २०२१ मध्ये राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी देवळाभोवतालची जागा राखली गेली. तेव्हा कुंडात साबण, निर्माल्य, खाऊ काहीच टाकू नये.

जळू लागली तर?

पावसाळ्यात जळवा लागणारच, घाबरायचं कारण नाही. ती रक्त गोठू देत नाही, म्हणून सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहते. त्यानेच माणूस जास्त घाबरतो. मीठ किंवा तंबाखू लावली की जळू सुटते खरी, पण सुटताना ती पोटातलं जखमेत ओकू शकते. त्यापेक्षा तिच्या बारीक टोकाखाली, म्हणजे तोंडाकडे, नख सरकवून तिला सोडवावं. मग जागा धुऊन कापसाने दाबून धरावी. काडीने चटका देऊ नये, ओढून तोडू नये.

साप दिसला तर?

इथे मलबार चापडा हा विषारी साप कमरेएवढ्या किंवा डोक्याएवढ्या उंचीवर फांदीवर तासन्‌तास निश्चल बसतो. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळट. म्हणून चढताना आधारासाठी न बघता फांदी धरू नये. दगडावर हात टेकतानाही आधी बघावं.

साप चावलाच तर त्या माणसाला चालवू नये, हात-पाय हलवू देऊ नये. अंगठी, घड्याळ, कडं काढावं. जखम कापणं, रक्त चोखणं, दोरी आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काही करू नये. १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठावं. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनवलेली असते. चापड्याचं विष त्यात येत नाही. म्हणून साप कसा दिसत होता हे डॉक्टरांना सांगणं उपयोगी पडतं. त्यासाठी साप मारायची किंवा पकडायची गरज नाही.

परतल्यावर ताप आला तर?

पावसाळ्यात पायाला जखम असताना चिखलपाण्यात फिरलं की लेप्टोचा धोका असतो. हिवाळ्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत धोका माकडतापाचा. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा लक्षात आला. आपल्या जिल्ह्यात २०१६ पासून दोडामार्ग आणि पुढे बांदा परिसरात त्याचे रुग्ण सापडले. तो बारीक गोचिडीच्या चाव्याने होतो. काजू बागेत, रानात लाकडाला किंवा पानं गोळा करायला जाणाऱ्यांना हे माहीत आहे, पाहुण्यांना नसतं.

त्या दिवसांत पानांच्या थरावर बसू-झोपू नये, आरोग्य विभाग देतो ते तेल हातापायांना लावावं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नये, आरोग्य केंद्राला किंवा वन विभागाला कळवावं. जंगलातून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, अंगदुखी झाली तर मेडिकलमधून गोळी घेऊन घरी बसू नये. डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" एवढं एक वाक्य आवर्जून सांगावं. त्याने निदान लवकर होतं.

हे मात्र करू नका

- धबधब्याच्या डोक्यावर चढू नये. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून यायला लागला की लगेच बाहेर पडावं.
- कावळेसाद, महादेवगडासारख्या ठिकाणी कठड्यापलीकडे जाऊ नये. धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही आणि वारा माणसाला ढकलतो.
- माकडांना खायला घालू नये. ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात.
- बेडूक हातात घेऊ नये. त्याची कातडी पाण्यासारखंच सगळं शोषते. आपल्या हाताला लागलेलं सॅनिटायझर, डासांचं मलम त्याला घातक ठरू शकतं.
- आमरीचं रोप उपटून घरी आणू नये. ते बहुधा जगत नाही, आणि राखीव वनातून रोप नेणं गुन्हाही आहे.
- पावसाळी रात्री घाटातून गाडी हळू चालवावी. बेडूक, खेकडे, साप रस्ता ओलांडत असतात.

कुठे शिकार, वृक्षतोड किंवा जखमी प्राणी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येतं.

गावाला काय मिळतं?

धबधब्यावर तासभर भिजून जाणारा माणूस गावाला भज्यांचे पैसे आणि प्लास्टिकच्या बाटल्या देऊन जातो. जंगल बघायला आलेला माणूस रात्रभर राहतो, जेवतो, वाटाड्याला पैसे देतो आणि पुढच्या वर्षी चार जणांना घेऊन येतो. त्याला दाखवायला भेक, बेडूक, आमरी शिल्लक असतील तरच तो येणार. घाटालगतच्या ज्या गावांत जंगल अजून उभं आहे, तिथल्या बारावी झालेल्या पोराला मुंबई-गोव्याची वाट धरायच्या आधी हा एक धंदा गावातच आहे. त्यासाठी भांडवल म्हणजे जंगलाची ओळख, आणि ती घरातल्या जुन्या माणसांकडे आहे.

यंदा घाटात गेलात तर धबधबा बघाच. मग गाडी नीट लावून, वाटाड्याला सोबत घेऊन दोन तास जंगलात काढा. फक्त डबक्यात पाय टाकायच्या आधी खाली बघा.