बलाढ्यांना नमविण्याचा मार्ग
कबड्डीत बलाढ्य संघ अजिंक्य नसतो. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी मागील दोन स्पर्धांच्या विजेत्या भारताला २७-२४ असे नमविले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. धामकाठच्या पवनारसारख्या गावातील संघांनीही शहरी संघांपुढे दबण्याचे कारण नाही. मात्र नुसत्या ताकदीने झुंजणे व्यर्थ होय. प्रतिपक्षाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ कराव्यात. तिसरीत गुण न मिळाल्यास चढाई करणाराच बाद होतो. त्याला धोका पत्करावाच लागतो आणि तेथेच पकड साधते. आपले तीनच गडी उरले तरी खचू नये. अशा वेळच्या पकडीला दोन गुण मिळतात. नियम दुर्बळालाही हात देतात. तो धरण्याची शिस्त मात्र ज्याची त्यानेच अंगी बाणवावयाची असते.