देवाची उंची

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या वाड्यांतून उतरवलेल्या चौकटी, दारे, खिडक्या आणि देव्हारे आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास अशा वस्तू जमवायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा राहिलेला हा वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. तिथले लाकूडकाम पाहताना दर वेळी एक गोष्ट मनात येते. चौकटीवरचा गणपती इथे अगदी डोळ्यांसमोर असतो. ज्या घरासाठी तो कोरला गेला तिथे त्याला पाहायला मान वर करावी लागत होती. खालून, अंगणातल्या तिरप्या उजेडात तो दिसायचा होता, म्हणून सुताराने सोंडेचा वळसा खोल घेतला, पोट पुढे काढले, कान मागच्या फळीपासून सुटे केले. समोरून आणि जवळून पाहिले की हे काम थोडे राकट वाटते. तो दोष नाही. पाहणाऱ्याची जागा बदलली आहे.

कोरीव लाकडी सामानाचा विचार करताना आपण देव कोणता, काळ कोणता, लाकूड कोणते हे विचारतो. देव किती उंचीवर होता, हे फारसे कोणी विचारत नाही. मला वाटते, जुन्या सुताराची सगळी समज त्या एका प्रश्नात होती.

दाराची चौकटच घ्या. वर गणेशपट्टी, खाली उंबरठा. दगडी देवळात गर्भगृहाच्या दारावर मधोमध जी मूर्ती असते तिला शिल्पशास्त्रात ललाटबिंब म्हणतात. वाड्याच्या सागवानी चौकटीने तीच मांडणी घरात आणली. देवळाच्या उंबऱ्यावर मात्र कीर्तिमुख असते आणि ते ओलांडूनच आपण आत जातो. हा अपमान कसा होत नाही, याचे उत्तर त्याच्या कथेत आहे. शिवाच्या कोपातून जन्मलेल्या त्या भुकेल्या आकृतीने शिवाच्याच आज्ञेने स्वतःचे शरीर खाल्ले, फक्त मुख उरले. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला आपल्या दारी कायमची जागा दिली. दार हेच त्याचे पद. त्यामुळे ते उंबऱ्यावर चालते, तसेच देवामागच्या प्रभावळीच्या टोकावरही चालते. हत्ती, सिंह, यक्ष, नाग यांचेही असेच आहे. भार वाहणे हा त्यांचा मान आहे, म्हणून खांबाच्या तळाशी, पालखीच्या दांडीच्या टोकाला, चौरंगाच्या पायाला ते शोभतात. गणपती, लक्ष्मी, विठ्ठल यांना तिथे जागा नाही.

घरातल्या सामानाकडे या नजरेने पाहिले की बरेच काही उलगडते. पाटावर माणूस बसतो, म्हणून जुन्या पाटावर पितळी फुले ठोकलेली असतात, कडेला वेल असते, देवाची आकृती नसते. चौरंगावर देव बसवायचा, म्हणून त्याच्या कडेला कमळाच्या पाकळ्या आणि पायांना सिंहाचे पंजे. बंगईच्या पितळी कड्यांत हत्ती, मोर, पोपट ओवलेले असतात. तिथेही झोके घेणाऱ्याच्या पाठीशी देव नाही. देव्हाऱ्यात मात्र सुतार हात मोकळा सोडतो. पीठ, चार खांब, मधली महिरप, वर शिखर आणि कळस असे पुरते देऊळ तो हातभर जागेत उभे करतो, आणि खाली उदबत्त्या-वाती ठेवायला एक खणही काढतो. हा छोटा खण मला फार आवडतो. रोज पूजा करणाऱ्या हाताची गरज त्या सुताराने ओळखलेली असते.

पेशवाईतल्या लाकूडकामातही देव मोजकेच दिसतात. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा पाहा: सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफूल, पाने, वेली. कलाकुसरीची कमतरता नव्हती, पैशाचीही नव्हती. तरी बहुतेक जागा वनस्पतींना दिलेली आहे. शनिवारवाड्यातले लाकूडकाम कसे होते हे आपल्याला पुरते कळायचे नाही, कारण १८२८च्या आगीत ते जळाले.

लाकूड निवडण्याचे शास्त्र तर याहून कितीतरी जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पलंग आणि आसने यांच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात असाणा, चंदन, देवदार, साल, शिवण, साग, शिसव ही झाडे शुभ म्हणून सांगितली आहेत. वीज पडलेले, वादळाने किंवा हत्तीने पाडलेले, पक्ष्यांची घरटी आणि मधमाश्यांची पोळी असलेले, स्मशानात वाढलेले झाड टाळायला सांगितले आहे. यातला काही भाग श्रद्धेचा आहे, काही भाग रोकडा व्यवहार आहे. वादळात पडलेल्या खोडाला आतून चिरा गेलेल्या असू शकतात, आणि पोळे किंवा ढोली असलेले खोड पोकळ निघण्याचा संभव असतो. साग आणि शिसव तर आजही पहिल्या पसंतीचे आहेत. सागात तेल असते, त्यामुळे वाळवी आणि पाणी त्याला लवकर शिवत नाही. पण त्याच लाकडात वाळूचा अंश असतो आणि पटाशीची धार लवकर जाते. शिसव जड आणि घट्ट. त्यात बारीक नक्षी धारदार उतरते, पण हात भरून येतात. कोकणात आणि गोव्यात फणसाचे पिवळे लाकूड देवाच्या कामाला मानाचे.

गोव्याकडे आलो आहोत तर थोडे थांबायला हवे, कारण उंचीच्या या नियमाची खरी परीक्षा तिथे झाली. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. १५६७ साली तिथे भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असे ठरवले. असा नियम करावा लागतो याचाच अर्थ, ते काम तोवर हिंदू सुतार आणि सोनारांकडून होत होते. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज अमलदारांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी खणांची मोठी कपाटे तयार झाली. ‘कोंतादोर’ हे त्यांचे नाव. साग आणि आबनूस यांचे काम, पृष्ठभागावर वर्तुळांची जडवणूक, कोपऱ्यांना जाळीदार धातूच्या पट्ट्या. आणि ही सगळी पेटी ज्यांनी तोलून धरली आहे ते चार पाय म्हणजे चार स्त्रिया: कमरेच्या वर मानवी देह, खाली खवल्यांची वळलेली शेपटी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनमध्ये अशी कपाटे आहेत.

युरोपात त्यांना मत्स्यकन्या म्हटले जाते, आणि खलाशांच्या पोर्तुगालला ती आकृती ओळखीची वाटली असणारच. मला मात्र त्यात नागिणी दिसतात. ज्या भूमीत सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, तिथल्या सुताराला अर्धी स्त्री आणि अर्धा साप ही आकृती बाहेरून शिकावी लागली नसेल. गोव्यातल्या अनेक चर्चमध्ये धर्मगुरूंच्या प्रवचनाचे लाकडी व्यासपीठ अशाच आकृत्यांनी खालून उचलून धरलेले आहे. हा प्रकार म्हणजे जिंकलेल्यांच्या देवतांना जेत्यांच्या पायाशी बसवणे, असे कोणी म्हणेल. मी तसे वाचत नाही. शेषाच्या माथ्यावर पृथ्वी आहे असे मानणाऱ्या कारागिराने नागिणीला तिचे ठरलेलेच काम दिले. वर कुठला धर्म बोलतो आहे, हे त्याच्या हाती नव्हते; खाली भार कोण वाहील, हे त्याच्या हाती होते. देवाला त्याने पायाशी आणले नाही.

देवळे राखणाऱ्यांनी आपली परंपरा तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर, ज्याला पुढे नव्या काबिजादी म्हटले गेले त्या मुलखात जपली. तिथल्या देवळांत नवरात्रात मखरोत्सव होतो. सजवलेल्या मखरात बसवून देवतेला झोके देतात, आणि शेकडो माणसे मान वर करून बघत असतात.

पुढे एकोणिसाव्या शतकात हे कोरीव काम विकत घेणारा गिऱ्हाईकच बदलला. मुंबईत शिसवी सामानाचा मोठा धंदा उभा राहिला, साहेबांच्या दिवाणखान्यासाठी कोच आणि खुर्च्या नखशिखांत नक्षीने भरू लागल्या. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८०च्या आपल्या ग्रंथात या सामानाबद्दल नापसंती नोंदवली. परक्या आकारावर देशी नक्षी अंगभर चढवली की दोन्ही बिघडतात, हे मलाही पटते. १८८१ साली न्यूयॉर्कचे लॉकवुड डी फॉरेस्ट यांनी अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर लाकडी नक्षीचा कारखाना काढला. तिथल्या मिस्त्रींनी कोरलेली सागवानी खिडकी न्यूयॉर्कच्या ईस्ट टेन्थ स्ट्रीटवरच्या डी फॉरेस्ट यांच्या घराला अजून आहे. पाटणच्या जैन मंदिराचा सोळाव्या शतकातला लाकडी घुमटही डी फॉरेस्ट बंधूंमुळे तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोचला. दिक्पाल, वादक, नर्तकी असा तो सगळा परिवार आहे. तो पाटणहून गेला याचे दुःख आहे, पण संग्रहालयाने तो छतालाच बसवला. पाहायला मान वर करावी लागते.

आपल्याकडे उलटे घडते आहे. वाडा पडतो, कंत्राटदार लाकूड तोलून विकतो. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि तिथून मोठ्या दुकानांत गणेशपट्टी येते. तिला चार पाय लावतात, वर काच टाकतात आणि दिवाणखान्यात चहाचे टेबल म्हणून ठेवतात. दोनशे वर्षे ज्याच्या खालून घरातली माणसे लग्नाला, कामाला, शेवटच्या प्रवासाला निघाली, तो गणपती गुडघ्यापाशी आडवा पडतो आणि त्याच्यावर कपबश्या ठेवल्या जातात. घेणाऱ्याच्या मनात श्रद्धाच असते, हे मी मान्य करतो. आपल्या घरात जुने, पवित्र काही असावे म्हणूनच तो पैसे मोजतो. म्हणून तर त्याला हे कोणीतरी सांगायला हवे. सोफ्याच्या पाठीवर कोरलेल्या गणपतीवर पाहुणा पाठ टेकतो, तिथेही तेच.

नव्या कामात आणखी एक अडचण आहे. संगणकावर चालणारे कोरीव यंत्र बहुतेक ठिकाणी आले आहे. साधे यंत्र वरून खाली कापते. बाजूने आत शिरून आकृतीमागचे लाकूड ते काढू शकत नाही. त्यामुळे गणपतीचा कान फळीला चिकटलेला राहतो, सोंडेमागे अंधार पडत नाही. हाताने काम करणारा कारागीर आधी खाका टोचून रेषा उतरवतो, मग पटाशीने पार्श्वभूमी खाली घेतो, मग वाकड्या पटाशीने आकृतीच्या मागे शिरतो. विकत घेताना बोट घालून पाहा. कानामागे बोटाला पोकळी लागली आणि तळावर पटाशीचे बारीक ठसे जाणवले, तर काम हाताचे असण्याची शक्यता मोठी. ही कला आज ज्यांच्या हातात टिकली आहे त्यांत सहारनपूरचे कारागीरही आहेत. ते बहुतांशी मुसलमान आहेत, आणि उत्तर भारतातल्या कितीतरी घरांतली लाकडी देवघरे त्यांनी कोरली आहेत.

शंभर वर्षांहून जुने कोरीव काम १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. देशातल्या देशात मात्र पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिचे गाव, घर, दिशा सगळे पुसले जाते. ज्यांच्या घरी वाडा उतरवायचा आहे त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे: चौकट काढण्याआधी, ती जागेवर असताना तिचा फोटो काढा. दार कोणत्या दिशेला होते, पट्टी जमिनीपासून किती वर होती, लाकूड कोणते, घर कोणत्या गावचे, हे कागदावर लिहून पट्टीच्या मागे चिकटवा. नव्या घरी न्यायची असेल तर सुताराला दाराच्या वर बसवायला सांगा. सदनिकेच्या दारावर दीड-दोन फूट भिंत असते, तिथे ती मावते.