फोनच्या अर्जावरचा पत्ता

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. तेव्हापासून आमच्या गटांतल्या बायका विचारतात, एवढ्या मोठ्या देशात बिनकागदाचा माणूस सरकारला सापडतो तरी कसा? सीमेवर धरला गेला तर समजण्यासारखं आहे. पण जो आत जाऊन वर्षानुवर्षं हॉटेलात, शेतात, बांधकामावर राबतोय, त्याचं काय? त्याच्यापर्यंत जाणारी एक वाट फोन आणि लाइटच्या बिलातून जात होती. आज ती समजून घेऊ.

परदेशातून आलेल्यांना शोधून, अटक करून परत पाठवणाऱ्या तिथल्या खात्याला 'आइस' म्हणतात. आता बघा, भाड्यानं खोली घेतली की आधी काय लागतं? लाइट, गॅस, फोन. अर्जावर पत्ता खराच द्यावा लागतो, नाहीतर कनेक्शन जोडणार कुठे? अमेरिकेतल्या फोन, वीज, गॅस, केबल कंपन्यांनी मिळून ग्राहकांची एक सामाईक नोंद ठेवली आहे. तिचं नाव एनसीटीयूई. हेतू साधा, की एकीकडे बिल बुडवून दुसरीकडे जाणारं गिऱ्हाईक ओळखता यावं. कर्ज देताना बाई दुसऱ्या गटात थकबाकीदार आहे का, हे आपणही विचारतोच. इथवर आम्हाला काही वावगं वाटत नाही.

वावगं पुढे झालं. ही नोंद सांभाळायचं काम इक्विफॅक्सकडे, म्हणजे कर्जदारांची पत मोजणाऱ्या कंपनीकडे. त्यातली नावं आणि पत्ते थॉमसन रॉयटर्स या कंपनीला विकले गेले. तिनं ते 'क्लिअर' नावाच्या आपल्या माहितीसाठ्यात घातले, आणि 'आइस'नं पैसे भरून तो साठा वापरायला घेतला. म्हणजे फोन कंपनीनं 'आइस'च्या हातात थेट काही ठेवलं नाही. एका करारातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या करारात पत्ता सरकत गेला, आणि ज्या बाईनं अर्ज भरला तिला कुणी विचारलंच नाही. (आमच्याकडेही सदस्यांची मोबाइल नंबरांसकट यादी मागायला कुणी ना कुणी येतंच. आम्ही देत नाही.)

२०२१ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्रानं हे उघड केलं. ८० हून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांच्या ४० कोटींहून जास्त नोंदी त्यात होत्या. पुढच्या वर्षी जॉर्जटाउन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हिशोब मांडला. तिथल्या चार प्रौढांपैकी तिघांनी नव्या घरात लाइट, गॅस, फोन किंवा इंटरनेट घेतलं, की नवा पत्ता 'आइस'ला आपोआप कळू शकत होता. यात तिथले रीतसर नागरिकही आले. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यापुढे मात्र पेच भलताच. घरात तान्हं मूल आहे, बाहेर बर्फ पडतोय आणि हीटरसाठी कनेक्शन घ्यावं तर पत्ता जातो.

तुम्ही म्हणाल, कोर्ट नाही का तिथे? आहे. माणूस कुठे कुठे फिरला हे मोबाइलच्या टॉवरवरून कळतं. फोन कंपनीकडून दिवसेंदिवसांची ती माहिती घ्यायची तर पोलिसांना वॉरंट लागेल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. पण हीच माहिती बाजारात विकत मिळाली तर? २०२० मध्ये बातमी आली, की 'आइस' आणि सीमेवरचं खातं, दोघंही व्हेनटेल नावाच्या कंपनीकडून लोकांच्या हालचालींची माहिती विकत घेतात. ती टॉवरवरची नव्हती, फोनमधल्या साध्यासुध्या ॲपमधून गोळा केलेली होती. वॉरंटऐवजी खरेदीची पावती!

विरोध झाला. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कर्मचारी संघटनेकडे थॉमसन रॉयटर्सचे थोडे शेअर होते. त्या जोरावर २०२० मध्ये तिनं वार्षिक सभेत ठराव आणला, की 'आइस'शी केलेल्या करारांमुळे माणसांच्या हक्कांवर काय परिणाम होतो ते तपासा. आपल्या सोसायटीच्या सभेत एखादी सभासद उठून हिशोब मागते, तसंच हे. ठराव पडला, कारण बहुतेक शेअर थॉमसन कुटुंबाच्या कंपनीकडे. तरी संघटनेनं पुढच्या वर्षी पुन्हा ठराव आणला.

डिसेंबर २०२१ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी जाहीर केलं, की एनसीटीयूईनं आपल्या नोंदीतली नावं-पत्ते विकणं थांबवायला लावलं आहे. 'आइस'नं मात्र त्याच वर्षी लेक्सिसनेक्सिस या दुसऱ्या माहिती विकणाऱ्या कंपनीशी करार करून टाकला होता, दीड कोटी डॉलरहून मोठा.